दाराला घर ठाऊक असतं

'बेगम' या शब्दाच्या शेवटी एक 'माझी' बसलेली आहे. 'बेग' म्हणजे सरदार, मानकरी. त्याला लागलेला 'अम' किंवा 'उम' म्हणजे माझा, माझी. 'खान'वरून झालेल्या 'खानम'चीही तीच गोष्ट. बहुतेक कोशकारांना ही व्युत्पत्ती मान्य आहे. मध्य आशियातली तुर्की बाबरासारख्यांच्या तोंडून इकडे आली, फारसीच्या संगतीने दरबारात रुळली आणि बखरींपासून सिनेमाच्या पोस्टरपर्यंत आपण एक तुर्की प्रत्यय नकळत उच्चारत राहिलो. मराठीत तो प्रत्यय म्हणून उरला नाही, लाकडात खिळा रुतावा तसा शब्दात रुतून बसला.

इस्तंबूलमध्ये मात्र तो दिवसभर कानावर पडतो. फोन उचलला की माणूस म्हणतो, 'एफेंदिम?' नीट ऐकू आलं नाही तरी 'एफेंदिम?' कुणी हाक मारली तर ओ देतानाही 'एफेंदिम'. एफेंदी म्हणजे साहेब, स्वामी. शेवटचा 'म' म्हणजे माझे. 'जान' म्हणजे जीव, त्याचं 'जानिम'. 'होजा' म्हणजे गुरुजी, त्याचं 'होजाम'. कोकराला 'कुझु' म्हणतात, आणि लाडक्या माणसाला 'कुझुम'. आपण 'माझ्या सोन्या', 'माझ्या राजा' असं दोन शब्दांत म्हणतो. तिथे शब्दाच्या शेवटी नुसते ओठ मिटले की 'माझं' म्हणून झालं.

मी तुर्की शिकायला बसले ती या ओठ मिटण्याच्या मोहाने. पुस्तकात प्रत्ययांचे तक्ते होते, आडवे-उभे, पाठ करायला दिलेले. पण काही आठवड्यांनी लक्षात आलं की हे तक्ते कवितेच्या ओळीसारखे वाचता येतात. कोणता प्रत्यय आधी येतो, कोणता मागून, कोण कुणाला जागा देतो, कोण गळतो, यात एका समाजाने शतकानुशतकं केलेला विचार आहे. कवितेचं करतो तसं मला त्यांचं रसग्रहण करायचं आहे.

लिहिण्याबद्दल थोडं आधी सांगते. १९२८ च्या नोव्हेंबरात तुर्कस्तानाने अरबी लिपी सोडून रोमन लिपी घेतली आणि तीत दोन 'इ' ठेवल्या. एक टिंबाची, आपली नेहमीची; दुसरी बिनटिंबाची, ओठ न पसरता घशाकडून काढलेली. देवनागरीत त्या दुसरीला अक्षर नाही, म्हणून मी दोन्ही इकारानेच लिहिते आहे. ओठांचा चंबू करून म्हणायचे आणखी दोन स्वर आहेत, ते 'यु' आणि 'यो' असे लिहिलेत.

आता घरात शिरू. घर म्हणजे 'एव'. माझं घर 'एविम', तुझं घर 'एविन', त्याचं किंवा तिचं घर 'एवि', आमचं 'एविमिझ', तुमचं 'एविनिझ', त्यांचं 'एवलेरि'. ही झाली मालकी. विभक्ती लावली तर घराला 'एवि', घराकडे 'एवे', घरात 'एवदे', घरातून 'एवदेन', घराचं 'एविन'. आणि दोन्ही एकत्र आले तर क्रम ठरलेला: आधी नाम, मग अनेकवचन, मग मालक, सर्वांत शेवटी विभक्ती. 'आमच्या घरांमध्ये' याला तुर्कीत एकच शब्द, 'एवलेरिमिझदे'. एव, लेर, इमिझ, दे. घर, अनेक, आमची, आत.

या क्रमावर थोडं थांबावं असं मला वाटतं. अनेकवचन नामाला चिकटून आहे, कारण घरं किती हा घरांचा स्वतःचा गुण. मालक त्यानंतर, कारण मालकी बाहेरून आलेली, तरीही टिकाऊ. विभक्ती सर्वांत बाहेर, कारण घरात असणं, घरातून निघणं, घराकडे येणं हे क्षणाक्षणाला बदलतं. आज 'दे' आहे, उद्या सकाळी 'देन' होईल. जे वस्तूच्या जितकं जवळचं, ते शब्दातही तितकं जवळ. मराठीत 'आमच्या घरांमध्ये' म्हणताना मालक दारात आधी येऊन उभा राहतो, घर त्याच्या मागे. तुर्कीत आधी घर दिसतं, मग ते कुणाचं ते कळतं.

पण तुर्कीची खरी श्रीमंती दोन नामं एकत्र आली की दिसते. 'घराचं दार' म्हणायचं तर तुर्की माणूस म्हणतो 'एविन कापिसि'. एव-इन, घराचं. कापि-सि, त्याचं दार. शब्दशः 'घराचं त्याचं दार'. मालकीची खूण दोन्हीकडे. घर सांगतं की माझं काहीतरी आहे, आणि दार सांगतं की मी कुणाचं तरी आहे. मराठीत घर बोललं की दार गप्प राहतं. 'दार' हा शब्द एकटा पाहिला तर तो कुणाचा याचा पत्ता लागत नाही. 'कापिसि' एकटा पाहिला तरी कळतं की याला कुणीतरी धनी आहे. दाराला घर ठाऊक असतं.

मराठीचीही बाजू सांगायला हवी. आपण घराचा उंबरा, घराची खिडकी, घराचं दार म्हणतो. चा, ची, चं हे कुणामुळे बदलतं? घरामुळे नाही. घर तेच आहे. उंबरा पुल्लिंगी, खिडकी स्त्रीलिंगी, दार नपुंसकलिंगी, म्हणून घराला लागलेला प्रत्यय बदलतो. म्हणजे मराठीत मालकाच्या अंगावर वस्तूचं लिंग उमटतं. तुर्कीत वस्तूच्या अंगावर मालकाचा पुरुष उमटतो, मी, तू, की तो. आपल्याकडे मालक वस्तूच्या स्वभावाप्रमाणे वेश बदलतो, तिथे वस्तू मालकाची खूण अंगावर घेते. षष्ठीचा प्रत्यय मी शाळेत घोकला होता, पण त्यात एवढी मोठी गोष्ट घडते हे मला तुर्कीने दाखवलं.

साखळी आणखी लांबवून पाहा. 'आमच्या घराच्या दाराची किल्ली'. तुर्कीत, 'एविमिझिन कापिसिनिन आनाहतारि'. मधला शब्द नीट निरखा. कापि-सि-निन. 'सि' म्हणतो, हे दार घराचं आहे. 'निन' म्हणतो, या दाराचंही काहीतरी आहे, पुढे येतंय. एकाच शब्दात दार कुणाचं तरी आहे आणि त्याच वेळी कुणाचं तरी धनी आहे. मराठीतला 'घराच्या' हा 'च्या'सुद्धा काही कमी नाही. 'घराचं' न म्हणता 'घराच्या' म्हटलं, तेव्हाच ऐकणाऱ्याला चाहूल लागते की दारावर गोष्ट संपणार नाही. दोन्ही भाषांना पुढचं आधी सुचवायची ही सवय आहे. मराठी ती मालकाच्या प्रत्ययातून सुचवते, तुर्की वस्तूच्या.

शिकणाऱ्याला सर्वांत आधी धडकी भरते ती स्वरांच्या मेळाने. 'माझं' या एकाच अर्थाला चार तोंडं आहेत. घर 'एव', माझं घर 'एविम'. नाव 'आद', माझं नाव 'आदिम', पण यातली इ बिनटिंबाची. शाळा 'ओकुल', माझी शाळा 'ओकुलुम'. डोळा 'ग्योझ', माझा डोळा 'ग्योझ्युम'. शब्दातला शेवटचा स्वर जिभेच्या पुढून येतो की मागून, ओठ गोल की पसरट, त्याप्रमाणे प्रत्यय आपला स्वर बदलतो. पाठ करायला गेलं तर कटकट वाटते. मोठ्याने म्हणून पाहिलं की तोंडाला आपोआप कळतं, कारण जीभ एकदा जिथे बसली तिथेच राहू पाहते. मला हा नियम समजला तो वही मिटल्यावर.

इथेही मराठीशी तुलना केली की दोन्ही भाषा उजळतात. मराठीत प्रत्यय लागण्याआधी शब्द वाकतो. मूल आहे, पण मुलाला. पाणी आहे, पण पाण्यात. भाऊ आहे, पण भावाने. यालाच आपण सामान्यरूप म्हणतो, आणि परदेशी माणसाला मराठी शिकवताना सर्वांत जास्त घाम याच ठिकाणी निघतो. ला, ने, हून, त हे प्रत्यय मात्र तसेच ताठ. तुर्कीत उलट: शब्द बहुधा तसाच उभा राहतो, वाकतो तो प्रत्यय. पाहुण्याने घराची रीत पाळावी तसा.

'बहुधा' म्हटलं, कारण काही ठिकाणी शब्दही थोडा सैलावतो. आपण ज्याला किताब म्हणतो ते तुर्कीत 'किताप'. शब्दाच्या शेवटी त्यांना 'ब' कठोर करावा लागतो. पण 'माझं पुस्तक' म्हटलं की होतं 'किताबिम'. प्रत्ययाचा स्वर मागे आला, 'ब'ला आधार मिळाला आणि आपल्या ओळखीचा किताब परत आला. पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा गर्दीत ओळखीचं माणूस भेटावं तसं झालं.

तसंच दुसरं ओळखीचं माणूस म्हणजे साहेब. तुर्कीत 'साहिप' म्हणजे मालक, आणि 'एव साहिबि' म्हणजे घरमालक. पाहुणे आले तर यजमानालाही हाच शब्द. भाडं घेणारा आणि चहा पाजणारा, दोघेही 'एव साहिबि'. या जोडीत पहिल्या नामाला प्रत्यय नाही, फक्त दुसऱ्याला आहे: साहिब-इ. तुर्की व्याकरणात या दोन जोड्यांचा भेद फार महत्त्वाचा मानतात. 'एविन साहिबि' म्हटलं तर या अमुक घराचा मालक. 'एव साहिबि' म्हटलं तर घरमालक ही जात. आपल्याकडे 'घराचा मालक' आणि 'घरमालक' यांत, 'राजाचा वाडा' आणि 'राजवाडा' यांत जो फरक आहे, तोच. फक्त आपण समास झाला की विभक्ती पूर्ण गाळतो. तुर्की अर्धी गाळते. मालकाची खूण जाते, वस्तूवरची राहते.

या भेदाचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण मिठाईच्या दुकानातलं आहे. पाकात मुरवलेली बोटाएवढी एक मिठाई असते, तिचं नाव 'वेझिर पार्माइ', वजीर-बोट. इथे 'वेझिर'ला प्रत्यय लावून 'वेझिरिन पार्माइ' म्हटलं, तर ते एका खऱ्याखुऱ्या वजिराच्या हाताचं बोट होईल. एका 'इन'ने मिठाईचं माणूस होतं. व्याकरणात अर्थ कुठे राहतो असं कुणी विचारलं तर मी याच बशीकडे बोट दाखवीन.

आता या 'घरमालका'ला 'माझा' करायचं असेल तर? 'एव साहिबि'ला 'म' जोडून काही लांबलचक होत नाही. 'इ' उठते, तिच्या जागी 'इम' बसतो: 'एव साहिबिम', माझा घरमालक. नामाच्या शेजारी मालकासाठी खुर्ची एकच आहे. नवा आला की जुन्याने उठायचं. हा बारीकसा नियम वाचताना मला नेहमी बरं वाटतं, त्यात एक प्रकारचा न्याय आहे.

इस्तंबूलचा नकाशा म्हणजे या प्रत्ययांचं संग्रहालयच. 'मिसिर चार्शिसि' म्हणजे मिसरचा बाजार; 'सि' ठसठशीत दिसतो. १४५२ साली, शहर जिंकण्याच्या एक वर्ष आधी, दुसऱ्या मेहमदाने सामुद्रधुनीच्या काठावर किल्ला बांधला, तो 'रुमेलिहिसारि'. हिसार म्हणजे किल्ला, शेवटची 'इ' रुमेलीची खूण. 'बेयोलु' म्हणजे बेगचा मुलगा. आपण बेगमपासून सुरुवात केली, त्याच बेगचा हा मुलगा. पण पलीकडच्या आशियाई काठावरचं 'कादिक्योय' पाहा. कादि म्हणजे काझी, क्योय म्हणजे गाव, काझीचं गाव. नियमाने 'कादिक्योयु' हवं. वापरून वापरून शेवटचा स्वर झिजला. काझी कोण होता हे गावाला आठवायची गरज उरली नाही, तशी खूणही गळाली. आपल्या पुण्यात नानावाडा म्हणताना नानांचा 'चा' असाच गेलेला आहे.

आणि मग फेरीबोट येते. कादिक्योयहून बेशिक्ताशला: 'कादिक्योयदेन बेशिक्ताशा'. 'देन' म्हणजे हून, शेवटचा 'आ' म्हणजे ला. विशेषनामाला विभक्ती लागली की लिहिताना मध्ये अपॉस्ट्रॉफी देतात, म्हणजे नाव आणि प्रवास यांच्यामध्ये एक छोटी रेघ. कादिक्योयमध्ये म्हणायचं तर 'कादिक्योयदे'. बेयोलुमध्ये म्हणायचं तर मात्र 'बेयोलुन्दा'. हा मधला 'न' कुठून आला? तो जुन्या मालकीची साक्ष आहे. तिसऱ्या पुरुषाच्या मालकीपुढे विभक्ती आली की हा 'न' मध्ये येतो, असा नियमच आहे. रोज ये-जा करणाऱ्याला बेयोलु हे नुसतं नाव वाटतं, पण त्यात राहायला गेलं की तो 'न' सांगतो, बाबा रे, हे बेगच्या मुलाचं आहे.

मालकी शब्दाच्या कोणत्या बाजूला बसते यावर तुर्कस्तानात राजकारणही झालं आहे. उस्मानी दरबाराच्या तुर्कीत फारसी पद्धतीची जोडणी भरपूर होती, 'दिवाण-ए-आम' किंवा 'मलिक-ए-मैदान' यांत आपल्याला दिसते तीच. १८७७ साली जमलेल्या पहिल्या उस्मानी संसदेच्या प्रतिनिधिगृहाचं नाव 'मेजलिस-इ मेबुसान', म्हणजे प्रतिनिधींची मजलिस. २३ एप्रिल १९२० रोजी अंकारात नवी संसद भरली, तिचं नाव 'ब्युयुक मिल्लेत मेजलिसि', मोठी राष्ट्र-मजलिस. दोन्ही नावांत 'मेजलिस'ला 'इ' लागली आहे, आणि दोन्ही 'इ' एकमेकींच्या कुणी लागत नाहीत. पहिली फारसी, ती पुढच्या शब्दाचा हात धरायला लागते, मालक तिच्या मागून येतो. दुसरी तुर्की, ती मागच्या शब्दाकडे वळून पाहते, मालक आधीच येऊन गेलेला असतो. पुढे १९३२ साली भाषेसाठी खास संस्था निघाली आणि फारसी जोडण्या झपाट्याने मागे पडल्या.

विभक्त्यांना तुर्की शाळेत 'इस्मिन हाल्लेरि' म्हणतात, नामाचे हाल. हा आपलाच हाल. आपल्याकडे 'हाल' म्हटलं की हालअपेष्टा आठवतात. तिथे तो नुसती अवस्था दाखवतो. या संज्ञेतही प्रत्यय पाहा: इस्म-इन, नामाचे, हाल्लेर-इ, त्याचे हाल. व्याकरणाचं नावच व्याकरणाचं उदाहरण आहे.

या हालांपैकी मराठी माणसाला 'इ'चा हाल चांगला कळतो, इतरांपेक्षा चांगला. 'डॉक्टर शोधते आहे' आणि 'डॉक्टरांना शोधते आहे' यांतला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. पहिल्यात कुणीही डॉक्टर चालेल, दुसऱ्यात एक ठरलेले डॉक्टर आहेत आणि ते सापडत नाहीत. तुर्कीतही अगदी हेच: 'दोक्तोर आरियोरुम' आणि 'दोक्तोरु आरियोरुम'. आपण हा प्रत्यय मुख्यतः सजीवांना लावतो, ते पुस्तकालाही लावतात. 'किताप ओकुयोरुम' म्हणजे वाचत बसले आहे, काहीतरी. 'किताबि ओकुयोरुम' म्हणजे ते पुस्तक वाचते आहे, ज्याबद्दल आपलं बोलणं झालं होतं. एका स्वराने दोघांमधल्या आधीच्या गप्पा आठवतात.

'देन'चे उपयोग तर थेट घरचे वाटतात. मधाहून गोड: 'बालदान तात्लि'. बाल म्हणजे मध, दान म्हणजे हून. तुलनेला पंचमी. भीतीलाही पंचमीच: कुत्र्याला घाबरते म्हणायला तुर्कीत 'कुत्र्यापासून' घाबरावं लागतं. मराठीने इथे 'ला' धरला, पण संस्कृत शिकलेल्यांना 'चोरात् बिभेति' आठवेल. भीतीचं कारण पंचमीत, असा पाणिनीचा नियमच आहे. याउलट कामाला लागणं दोन्हीकडे सारखं. 'इशे बाश्लादिम' यातला 'ए' म्हणजे आपला 'ला'.

आणि असणं. तुर्कीत इंग्रजीसारखं 'बाळगणं' दाखवणारं साधं क्रियापद नाही. 'माझं घर आहे' याला 'एविम वार', माझं-घर आहे, एवढंच. इंग्रजीतून तुर्की शिकणारे इथे अडखळतात. मराठी माणसाने इथे थांबूही नये, कारण आपण पिढ्यान्‌पिढ्या असंच बोलतो. इतकंच काय, 'माझी किल्ली आहे' आणि 'माझ्याकडे किल्ली आहे' हा भेदही तिथे जसाच्या तसा आहे: 'आनाहतारिम वार', 'बेन्दे आनाहतार वार'. पहिलीत मालकी, दुसरीत नुसता खिसा. 'मला खबर नाही' याला म्हणतात 'हाबेरिम योक', माझी-खबर नाही. वाटलं तर हे वाक्य आजच पाठ करून टाका, तुर्कस्तानात फार उपयोगी पडतं.

गोंधळ होत नाही असं नाही. 'एवलेरि' या एका रूपाचे चार अर्थ निघतात: त्याची घरं, त्यांचं घर, त्यांची घरं, आणि नुसतं 'घरांना'. 'एविन्दे' म्हणजे तुझ्या घरात, किंवा त्याच्या घरात, किंवा तिच्या; कारण तुर्कीत तो-ती-ते हा भेदच नाही, सगळ्यांना एकच 'ओ'. कुणाच्या घरात बोलणं चाललंय ते संदर्भावरून ओळखायचं. आपल्या भाषेतली एक मोठी गोष्ट मात्र तुर्कीला जमत नाही, हे मी मराठीच्या अभिमानाने सांगते. 'आमचं घर' आणि 'आपलं घर' यांत जे अंतर आहे, पाहुण्याला उंबऱ्याबाहेर ठेवणारं किंवा आत घेणारं, ते 'एविमिझ'मध्ये विरून जातं.

आता पुस्तकांच्या शीर्षकांकडे, कारण प्रत्ययांची परीक्षा तिथे होते. ओर्हान पामुक यांची १९९८ सालची कादंबरी 'बेनिम आदिम किर्मिझि'. किर्मिझि म्हणजे तांबडा, आपला किरमिजी. 'माझं नाव' म्हणायला 'आदिम' पुरे होतं, 'म'मध्ये 'माझं' आलेलं आहे. 'बेनिम' वरून लावलेलं आहे, जोर द्यायला. या कादंबरीत प्रकरणागणिक वेगळा आवाज बोलतो. मेलेला माणूस बोलतो, झाड बोलतं, नाणं बोलतं, रंगही बोलतो. इतक्या आवाजांच्या गर्दीत रंगाला आपलं नाव सांगताना 'बेनिम' म्हणावंच लागणार. मराठीत 'माझं' गाळता येत नाही, म्हणून हा जोर भाषांतरात दिसेनासा होतो.

अहमेत हामदी तानपिनार यांच्या १९६१ सालच्या कादंबरीचं नाव 'सातलेरि आयारलामा एन्स्तित्युस्यु', घड्याळं लावण्याची संस्था. 'सातलेरि'तली 'इ' द्वितीयेची, म्हणजे कुठलीही घड्याळं नव्हेत, ती सगळी घड्याळं. आणि शेवटच्या 'स्यु'चा मालक कुणी माणूस नाही, 'लावणं' ही क्रिया आहे.

पण मला ज्या शीर्षकापाशी यायचं होतं ते नाझिम हिकमेत यांचं आहे: 'मेमलेकेतिमदेन इन्सान मान्झारालारि'. हे दीर्घकाव्य त्यांनी १९४१ च्या सुमाराला बुर्साच्या तुरुंगात लिहायला घेतलं. १९३८ साली त्यांना अठ्ठावीस वर्षांची शिक्षा झाली होती. काव्य सुरू होतं ते इस्तंबूलच्या हायदारपाशा स्थानकावर.

शीर्षक सुटं करू. मेमलेकेत, देश. हा शब्द अरबी 'म-ल-क' या धातूचा; आपले मालक आणि मुलूख त्याच घरातले. म्हणजे देश या शब्दातच मालकी आहे, आणि ती राजाची, सत्तेची मालकी आहे. त्याला कवी 'इम' लावतो, माझा. ज्याच्या अंगावर कैद्याचे कपडे आहेत, ज्याच्या मालकीचा चार पावलांचा तुकडाही नाही, तो मुलुखाला 'माझा' म्हणतो, आणि तेही एका अक्षरात, ओठ मिटून. 'बेनिम'ची गरज त्याला वाटलेली नाही. पामुकांच्या रंगाला ठासून सांगावं लागलं. नाझिमना नाही लागलं.

मग 'देन'. 'मेमलेकेतिमिन' म्हटलं असतं तर 'माझ्या देशाची' झालं असतं, सगळ्या देशावर दावा. 'देन' म्हणजे 'मधून'. माझ्या देशातून वेचलेली, काही. तुरुंगाच्या खिडकीतून आणि सोबतच्या कैद्यांच्या तोंडून जितकं दिसलं तितकं. प्रामाणिक विभक्ती आहे ही.

आणि 'इन्सान मान्झारालारि'. मान्झारा म्हणजे देखावा. डोंगराचा, समुद्राचा, सूर्यास्ताचा. शेवटच्या 'इ'ने त्या देखाव्याचा धनी ठरतो: इन्सान. त्याला 'इन' लावलेला नाही, म्हणून हा कुणी एक माणूस नाही. राजवाडा, घरमालक, तसं हे माणूस-देखावे. डोंगराच्या जागी माणूस उभा करायला व्याकरणाने एवढीच जागा मागितली.

१९५० साली नाझिम सुटले. १९५१ च्या उन्हाळ्यात त्यांनी देश सोडला आणि त्याच वर्षी सरकारने त्यांचं नागरिकत्व काढून घेतलं. 'देन'चा दुसरा अर्थ, 'पासून दूर', तो आता शीर्षकात येऊन बसला. लिहिताना तो तिथे नव्हता. १९६३ साली ते मॉस्कोत वारले. काव्य तुर्कस्तानात पुस्तकरूपाने आलं ते त्यांच्या मागे, १९६६-६७ मध्ये. नागरिकत्व परत मिळायला २००९ साल उजाडलं.

तुर्की शिकायला बसणाऱ्या मराठी माणसाला माझं एवढंच सांगणं आहे. तक्ता नंतर पाठ करा. आधी 'मेमलेकेत' म्हणा, मग 'मेमलेकेतिम', मग 'मेमलेकेतिमदेन'. दर वेळी कुठे थांबल्यासारखं वाटतं ते पाहा, आणि मधल्या 'म'ला ओठ पूर्ण मिटा.